व्हेजिटेबल म्हणजे पाला

बावीस वर्षं लोकांना दुधी खायला सांगून मी स्वतःचं पोट भरलं, असं माझा नवरा म्हणतो. चारचौघांत म्हणतो, आणि मी शेजारी उभी असले तर जरा मोठ्यानं म्हणतो. त्यात खोटं काही नाही. शारजात रोल्लाच्या मागच्या गल्लीतल्या एका पॉलिक्लिनिकमध्ये मी आहारतज्ज्ञ होते. पेशंट मला डायट मॅडम म्हणायचे, आणि मी केबिनच्या दारात दिसले की वेटिंगमधली निम्मी माणसं हातातला समोसा पर्समध्ये सरकवायची. गेल्या वर्षी निवृत्त झाले. आता दिवाळी अंकाच्या संपादकबाई म्हणतात, “तुमचे गमतीदार अनुभव लिहा.” गमतीदार पुष्कळ आहेत. त्यातले एकदोन आधी सांगून घेते, कारण जो सांगायचा आहे त्याच्यापर्यंत पोचायला मला थोडा वेळ लागणार आहे.

लोकांना वाटतं आहारतज्ज्ञ म्हणजे तक्ता हातात देणारी बाई. तक्ता अगदी शेवटी येतो आणि तो कुणी वाचत नाही. खरं काम विचारण्याचं. काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत पोटात काय काय गेलं, ते समोरच्याकडून गोडीगुलाबीनं काढून घ्यायचं. याला आमच्यात चोवीस तासांची आठवण म्हणतात. माणसं सहसा खोटं बोलत नाहीत, त्यांचे शब्द फक्त त्यांच्या सोयीचे असतात. दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्सहून एक जोडपं यायचं, मराठी बोलणारी डायट मॅडम आहे म्हणून इतक्या लांब. काकू म्हणाल्या, “आमच्याकडे तेल अगदी नावाला.” महिन्याला किती लागतं, असं विचारल्यावर काका मध्येच म्हणाले, “पाच लिटरचे दोन कॅन. पण त्यातलं देवाला लागतं थोडं.”

एक पठाण ट्रकवाले होते. शुगर काही केल्या उतरेना. “मॅडम, एक ही रोटी खाता हूँ,” असं ते छातीवर हात ठेवून सांगायचे. मी म्हटलं, मग अर्धी करा. पुढच्या खेपेला ते रोटीच वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले. माझ्या खांद्यापासून मनगटापर्यंत लांब होती. “आधा कहाँ से करूँ, आप निशान लगा दो,” असं म्हणून त्यांनी ती माझ्या टेबलावर पसरली. मी खरोखर पेनानं खूण केली. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला ‘केवढी?’ असं विचारायला लागले. शब्दावर जाऊ नये, वस्तू बघावी, असं ट्रेनिंगला येणाऱ्या नव्या मुलींना शिकवायलाही लागले. माणूस शिकवायला लागला की त्याचं शिकणं संपतं, याचं माझ्याइतकं चांगलं उदाहरण सबंध अमिरातीत सापडायचं नाही.

त्याच भरात मी एक फॉर्म तयार केला. सुट्टीचे दोन रविवार घालवून, रंगीत चौकटी आखून. तृणधान्ये, डाळी, फळे, भाज्या, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी वेगळी चौकट हिरव्या पाल्याची. त्या चौकटीत स्पिनच, लेट्यूस, ब्रोकोली, पार्स्ली आणि कोबी. ही यादी मी कॉलेजच्या पुस्तकातून उचलली होती. ते पुस्तक लिहिणाऱ्याच्या देशात बहुतेक एवढंच उगवत असावं. आमच्या क्लिनिकमध्ये पंधरा-वीस देशांचे पेशंट यायचे. मला त्यात काही खटकलं नाही.

मग पेशन्स आली.

फाइलवरचं नाव बघून मला वाटलं, रिसेप्शनवरच्या मुलीनं ‘पेशंट’चं स्पेलिंग चुकवलंय. मी पेनानं ते सुधारलं. आत आलेली उंच, रुंद खांद्यांची बाई अदबीनं म्हणाली, “गुड मॉर्निंग, मा. माझं नाव पेशन्स.” आमचं बोलणं इंग्रजीतच व्हायचं, मी इथं बरंचसं मराठीत लिहिते आहे. ‘मा’चं मला वाईट वाटलं. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल ती, आणि मला आई म्हणते! तिच्या देशात मॅडमला मा म्हणतात हे मला नंतर कळलं. थोडक्यात, पहिल्याच मिनिटात मी तिचं नाव खोडलं होतं आणि तिच्या नमस्काराचा राग धरला होता.

पेशन्स नायजेरियाच्या दक्षिणेकडची. शारजातल्या एका शाळेच्या बसवर ती मुलांना चढवायची, उतरवायची, बेल्ट लावायची, रडणाऱ्याला मांडीवर घ्यायची. तिच्या स्वतःच्या दोन मुली गावी आजीजवळ होत्या. तीन वर्षांपूर्वी तिच्या हृदयाची एक झडप काढून धातूची बसवली होती. अशा झडपेवर रक्ताच्या गुठळ्या धरतात, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते. ही गोळी ‘के’ जीवनसत्त्वाचं काम रोखते, आणि हिरव्या पाल्यात तेच जीवनसत्त्व भरपूर असतं. म्हणजे एका बाजूनं गोळी ओढते, दुसऱ्या बाजूनं पाला. पाला वाईट नाही, तो रोज साधारण सारखा हवा, इतकंच. रक्त तपासलं की एक आकडा येतो. पेशन्सचा तो अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा होता. खाली गेला तर गुठळीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. कित्येक महिने जागेवर असलेला तिचा आकडा आता दीडच्या वर सरकत नव्हता. डॉक्टरांनी गोळी दोनदा वाढवली होती. शिवाय शाळेला दर वर्षी डॉक्टरांचं पत्र लागायचं, की ही बाई औषध नियमित घेते, बसवर ठेवायला हरकत नाही. ते पत्र त्याच महिन्यात द्यायचं होतं. पत्रावर तिची नोकरी आणि नोकरीवर तिचा व्हिसा.

आमचे डॉक्टर केरळचे, कामाला चोख. ते म्हणाले, “मॅडम, खाने में कुछ है क्या, देख लो. नहीं तो डोस और बढ़ाना पड़ेगा.”

मी माझा फॉर्म पुढे ओढला.

“स्पिनच खाता?”

“नो, मा.”

“लेट्यूस? ब्रोकोली? पार्स्ली? कोबी?”

“नो, मा. ते मला आवडत नाही.”

मी पाच फुल्या मारल्या. “मग जेवता काय?”

“सकाळी ब्रेड आणि चहा. दुपारी भात. संध्याकाळी आय टेक स्वॅलो विथ व्हेजिटेबल.”

‘स्वॅलो’ म्हणजे गिळणे, एवढं इंग्रजी मला येतं. मी असा अर्थ लावला की ऑपरेशननंतर तिला गिळायला त्रास होत असणार आणि आता ती भाज्यासुद्धा गिळू शकते, हे ती मला आनंदानं सांगते आहे. मी कौतुकानं विचारलं, “आता गिळायला त्रास नाही ना?” ती जरा गोंधळली. “नो, मा. इट इज व्हेरी सॉफ्ट.” मी फॉर्मवर लिहिलं, ‘गिळणे उत्तम’. स्वॅलो म्हणजे कसावाच्या किंवा रताळ्यासारख्या कंदाच्या पिठाचा मऊ गोळा, आपल्या उकडीसारखा. त्याचा घास मोडून कालवणात बुडवायचा आणि न चावता घशाखाली सोडायचा. तिचं ते रोजचं जेवण आहे. मी ते पचनसंस्थेच्या रकान्यात टाकलं.

“व्हेजिटेबल किती?” मी विचारलं. पठाणाच्या रोटीनं शहाणी झालेली बाई मी.

“मोठा वाडगा, मा. रोज.”

वा, म्हटलं. भाज्यांच्या चौकटीत भली मोठी बरोबरची खूण केली. “कशात करता?”

“रेड ऑइलमध्ये.”

लाल पाम तेल! माझ्या अंगात आलं. हृदयाची पेशंट आणि पाम तेल! मी तिला दहा मिनिटं झापलं. लाल तेल आजपासून बंद, एक थेंबही नको, त्याऐवजी हे बघा, असं म्हणून मी तिला फोनवर दुधीचा फोटो दाखवला. तिनं तो सभ्यपणे बघितला. “ओके, मा,” म्हणाली. डॉक्टरांना मी लिहून दिलं की पेशंट हिरवा पाला अजिबात खात नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून गोळी तिसऱ्यांदा वाढवली.

आठव्या दिवशी, गुरुवारी, पेशन्स तोंडाला रुमाल लावून थेट माझ्या केबिनमध्ये आली. “मा, सकाळी दात घासल्यापासून रक्त थांबत नाही.” तिनं बाह्या वर केल्या. दोन्ही दंडांवर काळेनिळे डाग होते. बसमधून उतरताना मुलं तिच्या दंडाला धरायची, तिथं छोट्या छोट्या बोटांचे ठसे उठले होते. रक्त तपासलं तर आकडा साडेनऊ. तिला तडक आमच्या ग्रुपच्या हॉस्पिटलमध्ये दाखल केलं. गोळी थांबवली, आणि ‘के’ जीवनसत्त्वाचा अगदी लहान डोस दिला, जास्त दिला तर झडपेवर गुठळी धरायची म्हणून. तो दिवस आणि ती रात्र डॉक्टर घरी गेले नाहीत.

शुक्रवारी ते मला म्हणाले, “कोई जड़ी-बूटी ली होगी. ये लोग बताते नहीं, मॅडम.”

मी मान डोलावली. हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले. मी मान डोलावली, एवढंच नाही तर “हाँ ना, डॉक्टर, कितना भी पूछो,” असंही म्हणाले. त्यांनी फाइलवर लिहिलं की पेशंट आहाराची माहिती दडवते, उपचारांत अनियमित आहे.

शनिवारी मी तिला बघायला वॉर्डात गेले. रक्त थांबलं होतं. ती उशीला टेकून बसली होती.

“पेशन्स, तुम्ही काही वेगळं घेतलंत का? काढा, पावडर, काहीही?”

“नो, मा. उलट तुम्ही सांगितलं तसं केलं. व्हेजिटेबल बंद केलं.”

“व्हेजिटेबल? मी तर तेल बंद करायला सांगितलं.”

“रेड ऑइलशिवाय व्हेजिटेबल कसं करणार, मा? मग सगळंच सोडलं. आठ दिवस स्टू आणि भात.”

“व्हेजिटेबल म्हणजे नक्की कुठलं?”

“उगू. कधी वॉटरलीफ. कधी बिटरलीफ.”

“लीफ? म्हणजे पानं?”

तिनं माझ्याकडे बघितलं. बसमधल्या लहान मुलाकडे बघत असेल तसं. “व्हेजिटेबल म्हणजे पाला, मा. दुसरं काय असतं व्हेजिटेबल?”

मराठी बाईच्या कानावर व्हेजिटेबल पडलं की आत ‘भाजी’ उमटते. भाजी म्हणजे बटाटा, फ्लॉवर, भेंडी, पडवळ, पोळीबरोबर ताटात पडेल ते सगळं. पानांची असेल तर आपण पालेभाजी असं वेगळं म्हणतो. पेशन्सच्या इंग्रजीत नेमकं उलटं. व्हेजिटेबल म्हणजे पाला, आणि बाकीच्यांना त्यांची त्यांची नावं. चार महिन्यांपूर्वी रोल्लाला एक आफ्रिकन दुकान निघालं होतं आणि विमानानं ताजा उगू यायला लागला होता. तेव्हापासून ती रोज वाडगाभर पाला खात होती आणि तिचा आकडा खाली खाली जात होता. ती मला ते सांगत होती. मी त्यावर बरोबरची खूण केली होती. मग मी तिचा पाला एका दिवसात तोडला आणि त्याच दिवशी तिची गोळी वाढवायला लावली. याहून पद्धतशीर चूक मला ठरवूनही जमली नसती.

तिनं काही दडवलं नव्हतं. फाइलमध्ये ती दडवते असं लिहिलेलं होतं. ते खोटं आहे हे शारजात एकट्या मला माहीत होतं.

मी तिला “आराम करा” म्हटलं आणि घरी आले.

आता माझी कारणं ऐका, हसू येईल. माझ्या लायसन्सचं नूतनीकरण चालू होतं. आणि सोमवारी ग्रुपच्या बाकीच्या शाखांसमोर माझ्या फॉर्मचं प्रेझेंटेशन होतं. रंगीत चौकटींचा माझा फॉर्म सगळीकडे लागू होणार होता. मी मनाशी म्हटलं, मीटिंग खलास होऊ दे, मग शांतपणे सांगू. रविवारी सुट्टी होती, मी स्लाइड्स केल्या. सोमवारी बारा वाजता मी प्रोजेक्टरसमोर उभी राहून ‘पेशंटचं ऐकण्याची कला’ या विषयावर बोलले. टाळ्या पडल्या. फॉर्म मंजूर झाला. पेशन्सला सकाळीच डिस्चार्ज मिळाल्याचं मला नर्सनं सांगितलं होतं. पण स्लाइड्सच्या नादात त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नाही.

संध्याकाळी नवरा रास अल खैमाहून, त्याच्या टाइल्सच्या कंपनीतून आला. हात धुताना त्यानं रोजच्यासारखं विचारलं, “भाजी काय केलीयस गं?”

मला तो शब्द ऐकवेना. मी ओट्याला धरून रडायला लागले. तो घाबरला, त्याला वाटलं करपली. मुलगी सानिका तिच्या खोलीतून आली, “व्हॉट हॅपन्ड, आई? डिड समवन डाय?” मी दोघांना सगळं सांगितलं.

सानिका बारावीत होती तेव्हा. म्हणाली, “सो जस्ट टेल देम.” त्या वयात हे वाक्य सोपं असतं.

नवरा एरवी माझी चेष्टा करायची एकही संधी सोडत नाही. त्या दिवशी तो साध्या आवाजात म्हणाला, “अगं, ती बाई तुझं ऐकून मरायला टेकली. तू उद्या गेल्या गेल्या डॉक्टरांना सांग.”

मंगळवारी सकाळी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, “मैंने भी तो खुद नहीं पूछा. आप फाइल में लिख दो.” फाइलमध्ये लिहिलेलं खोडता येत नाही. खाली तारीख आणि वेळ घालून नव्यानं लिहायचं असतं. मी लिहिलं, पेशंटने आहार बरोबर सांगितला होता, मला समजला नाही. डॉक्टरांनी त्याखाली त्यांचा आधीचा शेरा मागे घेतला. मला वाटलं, मिटलं.

पुढचे पाच आठवडे माझे मोठे आनंदात गेले. डॉक्टरांनी ठरवलं की पाला तोडायचा नाही. पाला रोज ठरावीक, आणि गोळी त्याला जुळवायची. ठरावीक म्हणजे किती हे बघायला मी पेशन्सबरोबर त्या दुकानात गेले. ती पुढे आणि मी पिशवी धरून मागे. उगूची जुडी दहा दिरहम. “म्हणजे सव्वादोनशे रुपये पाल्याला!” मी मोठ्यानं म्हणाले. पेशन्सनंही लगेच तिच्या नायराचा हिशेब सांगितला, आणि मग जुडी माझ्या पिशवीत टाकली.

उगू हा भोपळ्याच्या जातीचा वेल, पानं आपल्या लाल भोपळ्याच्या पानांसारखी पण गडद. लोह, फोलेट आणि ते ‘के’. तिच्या गावी बाळंतिणीला आणि तापातून उठलेल्याला उगूची पानं कच्ची चुरून, रस काढून, दुधात घालून देतात. रक्त भरतं म्हणे. मी म्हटलं, दुधापेक्षा लिंबू पिळा, लोह जास्त अंगी लागेल. ती म्हणाली, “माझ्या आईला सांगा, मा. मी नाही सांगणार.” बिटरलीफ म्हणजे कडूजहर. मिठानं चोळून, फेस जाईपर्यंत धुवायची, आपण कारलं पिळतो तसं. ते धुतलेलं पाणी तिची आई शुगरसाठी पिते. मी विचारलं, गोळी घेते ना? “दोन्ही घेते, मा. पाणी विश्वासासाठी, गोळी शुगरसाठी.” बावीस वर्षांत मी इतकं नेमकं समुपदेशन केलेलं नाही. वॉटरलीफ बुळबुळीत, किंचित आंबट, मूतखडेवाल्यांनी जपून खावी अशी. एका टोपलीत ‘ग्रीन’ नावाची जुडी होती. ती हातात घेतली आणि मी ओरडलेच, “अहो, हा माठ!” शेवग्याचा पाला होता, तो तर आमच्या सासूबाई घालत नाहीत असा पदार्थ नाही. आणि खाली फ्रीजरमध्ये, जी पानं ती एवेडू म्हणत होती, तीच मुलुखिया म्हणून इजिप्शियन पाकिटात होती. एकच पाला, शेजारी शेजारी, दोन नावांनी.

लाल तेलाचंही सांगते. पाल्यातलं ‘अ’ जीवनसत्त्व अंगी लागायला थोडं तेल लागतंच. हे मी परीक्षेत लिहून पास झाले होते. तेव्हा मोजून दोन चमचे लाल तेल मी तिला सन्मानानं परत केलं.

घरी मी उगूची पातळभाजी केली, दाणे आणि डाळ घालून. नवरा म्हणाला, “छान आहे, दुधी नाही एवढंही पुरे.” सानिका म्हणाली, “आई, धिस इज लिटरली लॉन.” पण मला आता चेव चढला होता. मी आफ्रिकन पाल्यांचा एक मोठा रंगीत तक्ता केला. फोटो, तिकडचं नाव, आपल्याकडचा भाऊबंद, काय मिळतं, कुणी जपून खावं. तो लॅमिनेट होऊन क्लिनिकच्या भिंतीवर लागला. जुना फॉर्म बदलला. मॅनेजमेंटनं मला महिन्याची उत्कृष्ट कर्मचारी केलं. स्वतःचीच चूक निस्तरल्याबद्दल मिळालेलं ते प्रशस्तिपत्रक मी फ्रेम करून घेतलं.

पाचव्या आठवड्यात पेशन्स तपासणीला आली. आकडा दोन पूर्णांक आठ. मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली आणि तक्त्याची एक प्रत तिच्या हातात दिली. “ही तुमच्यासाठी.”

“थँक यू, मा.” तिनं ती नीट धरली. “मी अठ्ठावीसला चालले आहे.”

“सुट्टीवर?”

“नो, मा. घरी. शाळेनं काँट्रॅक्ट पुढे दिलं नाही.”

मला कळेना. “पण का? डॉक्टरांनी शेरा मागे घेतला. मी स्वतः फाइलमध्ये लिहिलंय की चूक माझी होती.”

“कधी लिहिलंत, मा?”

“तुमच्या डिस्चार्जच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी.”

तिनं मान हलवली. डिस्चार्जचा कागद घेऊन ती सोमवारी सकाळी हॉस्पिटलमधून थेट शाळेतच गेली होती, उद्यापासून बसवर घेतील या आशेनं. कागद पाकिटात बंद होता, फाइलवरचा शेरा त्यात जसाच्या तसा उतरलेला होता, आणि तिनं तो उघडलाही नव्हता. “बारा वाजता त्यांनी मला ऑफिसात बोलावलं,” ती म्हणाली. “म्हणाले, माहिती लपवणारी बाई मुलांबरोबर नको. मी नंतर तुमचा दुरुस्तीचा कागदही नेला. ते म्हणाले, जागा भरली.” पाच आठवडे मी तिला पाल्याचं विचारत होते, नोकरीचं एकदाही विचारलं नव्हतं.

मी तिला विचारलं, गावी ही रक्ताची तपासणी कुठे होते. मोठ्या गावात, बसनं तीन तास. मी शाळेला फोन केला, दुसऱ्या दिवशी जाऊन बसले, चार शाळांत शब्द टाकून बघितला. काही झालं नाही. ती गेली. अजून दर महिन्याला ती मला तिचा आकडा कळवते, आणि एखाद्या महिन्यात मेसेज लांबला की माझं कशातच लक्ष लागत नाही.

पण त्या दुपारी ती अजून माझ्यासमोर बसली होती. मी “सॉरी” म्हटलं असेन, आठवत नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती तक्ता मांडीवर ठेवून एकेका फोटोवरून बोट फिरवत होती. एका जागी बोट थांबलं.

“मा, दिस इज नॉट वॉटरलीफ.”

मी जवळ जाऊन बघितलं. वॉटरलीफच्या जागी मी आपल्या घोळीच्या भाजीचा फोटो छापला होता.

“पेन आहे?” तिनं विचारलं. मी दिलं. तिनं फोटोवर फुली मारली, शेजारी खऱ्या वॉटरलीफचं पान काढलं, खाली नाव लिहिलं. मग उठून बाहेर गेली आणि भिंतीवरच्या तक्त्यावरही तेच केलं. “कुणीतरी हे बघून चुकेल, मा,” ती म्हणाली आणि पेन मला परत दिलं. सगळं मिळून तिला दोन मिनिटंही लागली नसतील.